नऊ दिवस पुरले नाहीत

सात महिन्यांचा प्रवास आणि त्यात जेरुसलेमचे दिवस फक्त नऊ. सन १४८० मध्ये जर्मनीतल्या उल्म शहरातला एक डोमिनिकन भिक्षू हा हिशेब मनात घेऊन घरी परतला. एप्रिलमध्ये निघालेला हा माणूस नोव्हेंबरात मठाच्या दाराशी आला. दरम्यान त्यानं आल्प्स दोनदा ओलांडला, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तुर्की आरमाराच्या भीतीनं जीव मुठीत धरला आणि परतीच्या वाटेवर पाण्याच्या घोटासाठी तडफडला. ज्या गावासाठी हे सारं सोसलं, तिथं मात्र रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही, यात्रेकरूंना एका तीर्थस्थानावरून दुसऱ्यावर पळवलं गेलं. प्रत्येक जागा एकदाच, तीही घाईत.

मठातले बंधू त्याच्याभोवती जमले. कसं आहे जेरुसलेम? प्रश्न साधाच होता, पण याला सांगता येईना. पाहिलेलं सगळं धुक्यात बुडाल्यासारखं झालं होतं. आपण खरंच तिथं गेलो होतो की स्वप्न पडलं होतं, असं त्याला वाटू लागलं. दुसरा कुणी असता तर पुण्य पदरात पडलं म्हणून गप्प बसला असता. हा बसला नाही. त्यानं ठरवलं, पुन्हा जायचं, आणि या खेपेला लिहून आणायचं.

त्याचं नाव फेलिक्स फाब्री. जन्म १४४० च्या आसपास, झुरिकमध्ये. मूळ आडनाव श्मिड, म्हणजे लोहार. त्या काळच्या शिकलेल्या माणसांच्या रीतीनं त्याचं लॅटिन रूप झालं फाब्री. १४५२ मध्ये, पोरवयातच, तो बाझेलच्या डोमिनिकन मठात दाखल झाला आणि पुढे उल्मच्या मठात येऊन कायमचा स्थिरावला. गावाबाहेर तटबंदीआड राहून शेती आणि प्रार्थना करणारे संन्यासी वेगळे आणि हे डोमिनिकन वेगळे. हे शहरात राहत, भिक्षेवर जगत आणि प्रवचनं करत. तरी शिस्त कडक. उल्मचा मठ तर नुकताच जुन्या काटेकोर नियमांकडे वळला होता. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, मग समुद्र ओलांडणं दूरच.

उल्म मात्र बाहेरच्या जगाला सरावलेलं होतं. डॅन्यूबच्या काठचं हे श्रीमंत शहर कुणा सरदाराच्या नव्हे, थेट सम्राटाच्या छत्राखाली होतं. तिथं जवसाच्या तंतूंचा आणि कापसाचा धागा मिळून एक जाड कापड विणलं जाई, आणि युरोपभर त्याला मागणी असे. जवस आसपासच्या शेतांतलं, पण कापूस सायप्रस आणि सीरियाकडून व्हेनिसमार्गे येई. म्हणजे जेरुसलेमची वाट उल्मच्या विणकरांच्या मागापासूनच सुरू होत होती, आणि फेलिक्सनं ती धरली.

पहिल्या खेपेचं निमित्त होतं गेओर्ग फॉन श्टाइन हा तरुण उमराव. त्याच्या सोबतीला धर्मगुरू म्हणून फेलिक्सला जायला मिळालं. निघण्याआधी त्यानं चौघांना विचारून पाहिलं. व्यूर्टेम्बर्गचा काउंट एबरहार्ट स्वतः १४६८ मध्ये जेरुसलेमला जाऊन आला होता. त्यानं जा असंही म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही नाही. लग्न, लढाई आणि पवित्र भूमीची यात्रा या तीन गोष्टींत कुणाला सल्ला देऊ नये, असं त्याचं म्हणणं. आरंभ चांगला झाला तरी शेवट वाईट होऊ शकतो. एका वृद्ध ननला विचारलं, तर तिनं एका दमात सांगितलं की लगेच निघ, इथं थांबू नकोस. फेलिक्सनं बाईचं ऐकलं.

१४ एप्रिल १४८० रोजी तो उल्महून निघाला. मठाचा प्रमुख लुडविग फुक्स त्याला मेमिंगेनपर्यंत पोहोचवायला आला आणि निरोप घेताना दोघंही रडले. घोडी पुढे चालू लागली तसा फेलिक्सच्या मनातला सगळा उत्साह मावळला. जेरुसलेम नको नि काही नको, असं झालं. लोक काय म्हणतील या लाजेपायीच आपण मागे फिरलो नाही, हे त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवलं. यात्रावर्णनात असली कबुली सहसा सापडत नाही.

तो उन्हाळा पूर्व भूमध्य समुद्रावर वाईट होता. तुर्कांनी ऱ्होड्‌स बेटाला वेढा घातला होता आणि त्यांचं आरमार इटलीच्या ओत्रांतोवर उतरलं होतं. कॉर्फूला पोहोचेपर्यंत बातम्या इतक्या भयंकर झाल्या की काही यात्रेकरू तिथूनच मागे फिरले. उरलेल्यांत काही श्रीमंत म्हाताऱ्या बायका होत्या. या जख्ख बायकांना घेऊन कशाला जायचं, म्हणून उमराव मंडळींनी आधी नाकं मुरडली होती. परतीच्या वाटेवर सायप्रसनंतर वारा पडला, पाणी संपत आलं आणि आजार पसरला. तेव्हा धडधाकट सरदार अंथरुणाला खिळले आणि याच म्हाताऱ्या त्यांच्या उशाशी बसून सेवा करत राहिल्या. फेलिक्सनं ही गोष्ट मोठ्या चवीनं नोंदवली आहे. पुढे ऱ्होड्‌सला थांबले तेव्हा वेढा उठून गेला होता आणि मागे पडझड उरली होती.

मग आलं ते परतणं आणि धुकं. पुढची दोन-तीन वर्षं फेलिक्सनं एक वेगळीच तयारी केली. पवित्र भूमीबद्दल जे जे लिहिलेलं सापडेल ते तो वाचत सुटला. जुन्या यात्रेकरूंची वर्णनं, धर्मग्रंथांवरची भाष्यं, इतिहास असं सगळं. कुठली जागा कुठे, कुणी काय म्हटलंय आणि कोण कुणाशी जुळत नाही, हे मनात मांडलं. पुन्हा जायची इच्छा आधी त्यानं लुडविग फुक्सखेरीज कुणाला सांगितली नाही. एकदा जाऊन आलेल्या भिक्षूनं पुन्हा जायचं म्हणावं, तर लोकांना त्यात भक्तीपेक्षा भटकंतीचीच खोड दिसली असती. ही खोड आपल्यात आहे हे त्यानं कधी पुरतं नाकारलंही नाही.

१४८३ मध्ये संधी आली. योहान वेर्नर फॉन त्सिमेर्न, हाइन्रिश फॉन श्टोफेल, योहान ट्रुखसेस फॉन वाल्डबुर्ग आणि बेअर फॉन रेशबेर्ग हे चार श्वाबियन उमराव जेरुसलेमला निघाले आणि त्यांना सोबत धर्मगुरू हवा होता. १३ एप्रिलला फेलिक्स पुन्हा बाहेर पडला. या वेळी कमरेला मेणाची पाटी होती. दिवसभरात जे दिसेल ते तीवर खरडायचं आणि सवड मिळाली की कागदावर उतरवायचं. वादळात, गाढवावर, उंटावर, इतर झोपले असताना रात्रीच्या दिव्याखाली, एकही दिवस न लिहिता जाऊ दिला नाही, असं तो सांगतो. पुढचं पुस्तक वाचल्यावर त्यावर विश्वास बसतो.

इन्सब्रुक, ब्रेनर खिंड, ट्रेव्हिझो करत मंडळी व्हेनिसला पोहोचली आणि जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीजवळच्या एका खाणावळीत उतरली. मालक, मालकीण, नोकर सगळे जर्मन बोलणारे. खाणावळीत एक भला मोठा काळा कुत्रा होता. जर्मन माणूस दिसला की तो शेपूट हलवत नाचत पुढे यायचा. इटालियन किंवा फ्रेंच माणूस आला की भुंकून अंगावर धावायचा. शेजारची इटालियन माणसं वर्षानुवर्षं ओळखीची असूनही त्यांच्याशी त्याचं जमलं नाही, आणि इटालियन कुत्र्यांशीही नाही. जर्मन आणि इटालियन यांच्यातलं वैर किती खोल आहे याचा फेलिक्सला हा पुरावाच वाटला. असा कुत्रा दुसऱ्या कुणा इतिहासकाराच्या नजरेतून निसटला असता.

व्हेनिसमध्ये यात्रा हा धंदा होता आणि त्यावर सरकारची बारीक नजर असे. त्या वर्षी दोन नाखवे यात्रेकरू नेणार होते, आगोस्तिनो कोंतारिनी आणि पिएत्रो लांदो. सेंट मार्कच्या चौकात लाल क्रूसाचे पांढरे झेंडे उभारलेले. दोघांचे नोकर झेंड्यांपाशी उभे राहून गिऱ्हाईक ओढायचे आणि समोरच्याच्या मालकाची निंदा करायचे. दोन्ही नाखव्यांनी आपापली गलबतं दाखवली आणि क्रीटची दारू नि मिठाई पुढे केली. फेलिक्स १४८० मध्ये कोंतारिनीबरोबर जाऊन आला होता. या वेळी मंडळींनी लांदोचं अधिक मोठं गलबत निवडलं आणि कलमवार करार केला. दोन वेळचं चांगलं जेवण द्यायचं. खलाशी आणि वल्हेकऱ्यांच्या त्रासापासून यात्रेकरूंना वाचवायचं. सोबत आणलेल्या कोंबड्यांना जागा द्यायची. कुणी वाटेत मेला तर त्याच्या सामानाला हात लावायचा नाही. पवित्र भूमीत घाई करायची नाही आणि जॉर्डन नदीपर्यंत स्वतः सोबत यायचं. घाई न करण्याचं कलम वाचताना पहिल्या खेपेचे नऊ दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आणि मग येतं ते वर्णन, ज्यासाठी समुद्राच्या इतिहासाचे अभ्यासक आजही फेलिक्सकडे वळतात. वल्ह्यांच्या गलबताच्या पोटात यात्रेकरूंची झोपायची जागा होती. दोन्ही बाजूंना ओळीनं अंथरुणं. डोकी गलबताच्या भिंतीकडे, पाय एकमेकांकडे, मध्ये पेट्या नि गाठोडी. खिडकी नाही. प्रकाश येई तो वरच्या झडपांतून. खाली तळाशी साठलेल्या पाण्याचा कुजका वास. उकाडा, घाम, उंदीर आणि उवा. उवा मारत बसणं हा गलबतावरचा रोजचा उद्योग होता आणि जो आळस करील त्याची झोप गेली. रात्री कुणाचं अंथरूण कुणाच्या जागेत सरकलं यावरून भांडणं पेटत. कुणी दिवा विझवत नाही म्हणून दुसरा आपलं मूत्रपात्र त्या दिव्यावर फेकी.

दिवस कसा घालवायचा हाही प्रश्नच. कुणी पत्ते आणि फासे खेळतो, कुणी गातो, कुणी दोरांवरून माकडासारखा वर चढतो, कुणी वजनं उचलतो. कुणी घरच्या आठवणीनं रडतो, कुणी नुसता समुद्राकडे बघत बसतो. शौचाची जागा गलबताच्या अगदी पुढच्या टोकाला, लाटांवर लोंबकळणारी. सकाळी तिथं रांग लागे. वादळात जायचं तर लाट अंगावर येणार, तेव्हा काही जण कपडे खाली ठेवूनच जात. या विषयावर फेलिक्स पानंच्या पानं लिहितो आणि मागून येणाऱ्या यात्रेकरूला सांगतो की लाजेपायी पोट दाबून धरू नकोस, आजारी पडशील. वल्हेकऱ्यांचे हाल त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. उघड्यावर झोपणारी, चाबकाखाली राबणारी ही माणसं आपापला छोटा धंदाही करत, यात्रेकरूंना काहीबाही विकत आणि संधी मिळाली तर चोरत.

जाफाला उतरल्यावर त्यांना किनाऱ्यावरच्या पडक्या, घाणीनं भरलेल्या तळघरांत कोंडलं गेलं. पवित्र भूमीवर तेव्हा ममलूक सुलतान कायतबाय याची सत्ता होती. त्याचे अधिकारी नावं लिहून घेत आणि कर वसूल करत. दुर्गंधीनं बेजार झालेल्या या लोकांना अत्तरं, चटया नि खायचे पदार्थ विकायला स्थानिक व्यापारीही तिथं हजर होते. पुढे रामल्याला जेरुसलेमच्या फ्रान्सिस्कन मठाच्या प्रमुखानं सत्तावीस नियम वाचून दाखवले. मुसलमानांच्या कबरी ओलांडायच्या नाहीत. मशिदीत शिरायचं नाही. मुसलमानाला दारू द्यायची नाही. तीर्थस्थानाचे तुकडे तोडायचे नाहीत. भिंतींवर नावं कोरायची नाहीत.

नावं न कोरण्याचा हा नियम मोडणाऱ्यांचा फेलिक्सला सर्वांत जास्त राग. येशूच्या कबरीवरच्या चर्चमध्ये काही उमराव गुडघे टेकून, डोकं झुकवून, प्रार्थनेत बुडाल्यासारखे बसलेले दिसत. प्रत्यक्षात अंगरख्याआड हातात अणकुचीदार हत्यार असे आणि भिंतीवर घराण्याचं मानचिन्ह कोरणं चाले. जगात सर्वांत पवित्र मानलेल्या जागी येऊन माणसाला आपलंच नाव दिसावंसं वाटतं, यावर तो कडाडून लिहितो.

या चर्चचं दार मुसलमान रखवालदारांच्या ताब्यात असे. यात्रेकरूंना आत सोडून ते बाहेरून कुलूप लावत. रात्रभर आत प्रार्थना, मिरवणुका आणि मिस्साचे विधी चालत. सोबत व्यापाऱ्यांची दुकानंही. पहिल्या खेपेला घाईत राहून गेलेली एक गोष्ट फेलिक्सनं या खेपेला केली. पेटती मेणबत्ती हातात घेऊन तो कबरीच्या भिंती बारकाईनं तपासू लागला. सगळीकडे संगमरवर मढवलेला. मग ही मूळ कबर आहे की नंतर रचलेली? शोधता शोधता त्याला एक न मढवलेला भाग सापडला. तिथं रचलेले चिरे नव्हते, तर खडकातच खोदलेली भिंत होती आणि तीवर हत्यारांच्या खुणा दिसत होत्या. श्रद्धाळू भिक्षूचा हात श्रद्धेच्या मर्मस्थळी मेणबत्ती धरून पुरावा शोधतो, हा प्रसंग मला त्याच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला शंका नव्हती असं नाही. शंका होती म्हणूनच तर तो दुसऱ्यांदा आला होता.

तरी तो आपल्या काळाचाच माणूस होता. मुसलमान, ज्यू आणि पूर्वेकडचे ख्रिस्ती यांच्याबद्दल त्याच्या पुस्तकात कडवट, कधी विखारी मजकूर आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण पुस्तकातली माणसं त्या मजकुराला पुरून उरतात. एल्फहाल्लो नावाचा म्हातारा मुसलमान दुभाषा यात्रेकरूंना सांभाळून नेई, भांडणं मिटवी आणि दुबळ्यांना आधार देई. फेलिक्सचा त्याच्यावर जीव जडला आणि त्याच्या चांगुलपणाचं त्यानं मोकळेपणानं कौतुक केलं. ऐकीव मत आणि डोळ्यांनी पाहिलेला माणूस यांचा मेळ बसत नाही, तेव्हा फेलिक्स दोन्ही लिहून ठेवतो.

चारही उमराव जेरुसलेमहून परतले. फेलिक्स थांबला. ऑगस्टच्या अखेरीस वीसेक यात्रेकरूंच्या तांड्याबरोबर तो गाझावरून सिनाईच्या वाळवंटात शिरला. याच तांड्यात माइन्त्सचा धर्माधिकारी बेर्नहार्ट फॉन ब्रायडेनबाख होता आणि त्याच्या सोबत उट्रेख्टचा चित्रकार एर्हार्ट रॉयविश. वाटेत दूरच्या टेकडीवर एक मोठं जनावर दिसलं. दुभाष्यानं सांगितलं, तो एकशिंगी घोडा. यात्रेकरूंनी मान्य केलं आणि तशी नोंद झाली. सेंट कॅथरिनच्या मठात पोहोचल्यावर फेलिक्स मोशेचा डोंगर चढला, त्याच्याहून उंच असलेला कॅथरिनचाही चढला. वरून तांबडा समुद्र दिसला. त्या किनाऱ्यावर तोर नावाचं बंदर होतं, आणि हिंदुस्थानाकडून येणारा मसाला तिथं उतरत असे.

मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून कैरोला, तिथून नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसच्या गलबतांत जाई. फेलिक्सही त्याच वाटेनं गेला. कैरोच्या गर्दीनं तो चक्रावला. एवढी माणसं त्यानं कुठं एका जागी पाहिली नव्हती. मूळचे ख्रिस्ती, पण आता सुलतानाच्या सैन्यात रुजलेले ममलूक त्याला भेटले. अलेक्झांड्रियात त्यानं गुलामांचा बाजार पाहिला. जनावर घ्यावं तशी अंग तपासून माणसं विकत घेतली जात होती. बंदरात व्हेनिसची मसाल्याची गलबतं माल भरत होती. त्यांतल्याच एकावरून नोव्हेंबरात तो निघाला आणि मिरीच्या पोत्यांच्या सोबतीनं हिवाळी वादळं झेलत १४८४ च्या जानेवारीत व्हेनिसला लागला. त्यानंतर पंधरा वर्षंही गेली नाहीत, तोच वास्को द गामा थेट कालिकतला पोहोचला आणि फेलिक्सनं पाहिलेल्या त्या वाटेला तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. म्हणजे तो जुना व्यापार पुरता भरात असताना जवळून पाहून टिपून ठेवणाऱ्या शेवटच्या काही युरोपीय माणसांत या भिक्षूची गणना होते.

जानेवारीच्या अखेरीस तो उल्मला पोहोचला. दाढी काढावी लागली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. दाढीत आपण अधिक धीट, अधिक भारदस्त दिसत होतो आणि लोक मान देत होते, असं तो बिनदिक्कत लिहितो. मग त्यानं पाट्या-कागद समोर मांडले आणि लिहायला बसला. काही वर्षं तो लिहीतच राहिला. पुस्तक लॅटिनमध्ये, मठातल्या बंधूंसाठी, अभ्यासातून विसावा म्हणून वाचायला. त्याचं नाव ठेवलं एव्हागातोरियम, म्हणजे भटकंतीची पोथी. यात्रेची पोथी असं गंभीर नाव त्यानं मुद्दाम टाळलं. कारण यात मोठं नि क्षुल्लक, पवित्र नि हसरं असं सगळं एकत्र आहे, हे त्याला ठाऊक होतं. सोबतच्या उमरावांसाठी त्यानं जर्मन भाषेत वेगळं, आटोपशीर पुस्तकही लिहून दिलं.

दरम्यान ब्रायडेनबाखचं पुस्तक १४८६ मध्ये माइन्त्सला छापूनही झालं. त्यात रॉयविशनं काढलेली, घडी उलगडत जाणारी शहरांची चित्रं होती. व्हेनिसचं चित्र तर दीड मीटरहून लांब. लॅटिन, जर्मन, डच, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत ते बघता बघता पसरलं. फेलिक्सची पोथी मात्र हस्तलिखितच राहिली. एकाच वाळवंटातून एकाच वेळी गेलेल्या दोन माणसांची ही दोन पुस्तकं. ब्रायडेनबाखनं वाचकाला शहरं दाखवली. गलबताच्या पोटातला वास मात्र फेलिक्सजवळच सापडतो.

तो इथंच थांबला नाही. प्रवासवर्णनाचा शेवटचा भाग म्हणून घरच्या मुलखाबद्दल लिहायला घेतलं आणि तो भाग एवढा फुगला की त्यातून श्वाबियाचा इतिहास आणि उल्म शहराचं वर्णन अशी स्वतंत्र पुस्तकं झाली. जाफा आणि कैरो पाहून आलेली नजर आता स्वतःच्या गल्लीकडे वळली. शहरात कोणकोणते थर आहेत, कारभार कोण करतं, व्यापारी कसे जगतात, हे त्यानं तितक्याच कुतूहलानं लिहिलं. उल्मच्या भव्य चर्चचा पाया ३० जून १३७७ रोजी घातला गेला. शहरप्रमुख लुट्स क्राफ्टनं पायाच्या दगडावर शंभर सोन्याची नाणी ठेवली, ही कथा त्यानंच सांगितलेली आहे. ते बांधकाम फेलिक्सच्या हयातीत अर्धवटच होतं. मनोरा पूर्ण झाला १८९० मध्ये, १६१ मीटर उंचीचा.

आणि १४९२ च्या सुमारास त्यानं आणखी एक पुस्तक लिहिलं, जे मला त्याच्या सगळ्या प्रवासाचं फलित वाटतं. उल्मच्या परिसरातल्या मठांत डोमिनिकन नन होत्या. त्यांनी एकदा आत पाऊल टाकलं की ते मरेपर्यंत बाहेर पडायचं नाही, असा नियम. जेरुसलेम त्यांना पाहायचं होतं आणि त्यांनी फेलिक्सकडे मागणी केली. त्यानं जर्मन भाषेत त्यांच्यासाठी झिओनपिल्गर, म्हणजे सियोनचे यात्रेकरू, हे पुस्तक रचलं. रोज एक टप्पा. आज अमुक गावी पोहोचायचं, अमुक स्तोत्र म्हणायचं, उद्या पुढचं. गलबत नको, पैसे नकोत, कुणाची परवानगी नको. वारा पडला म्हणून अडून राहायला नको. उमरावांना ज्या दारातून हाकलून लावतात त्या दारातूनही या यात्रेकरू बायका आत जाऊ शकतात, आणि तिथं हवा तेवढा वेळ थांबू शकतात.

त्याला हे त्यांना देता आलं, कारण तो दुसऱ्यांदा गेला होता. पहिल्या खेपेच्या धुक्यातून एकही टप्पा नीट सांगता आला नसता. पुण्यासाठी एक खेप पुरली असती. दुसरी खेप होती ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी, मग तो स्वतः तसं म्हणो वा न म्हणो. मेणाची पाटी, कबरीच्या भिंतीपाशी धरलेली मेणबत्ती, कोंबड्यांच्या जागेचं कलम, म्हाताऱ्यांनी केलेली सेवा, या सगळ्याची बारीक नोंद त्यानं ठेवली ती घरी बसलेल्या कुणाला तरी नेमकं सांगायचं होतं म्हणून.

मार्च १५०२ मध्ये फेलिक्स फाब्री उल्मच्याच मठात वारला. त्याची भटकंतीची पोथी कोनराड डीट्रिश हास्लर यानं १८४३ ते १८४९ या काळात तीन खंडांत छापून काढली, म्हणजे लिहून झाल्यावर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. त्याच्या स्वतःच्या हातचं मूळ हस्तलिखित मात्र कुठंच गेलं नाही. ते अजून उल्ममध्येच आहे.